कादर, या कलमाले काय म्हणू?

कादर, तुझ्या कॉलेजातला तो चष्मेवाला दोस्त येऊन गेला. म्हणे, कॉलेजच्या सालाच्या अंकात तुझ्यासाठी पान राखलं आहे, चाचानं चार शब्द लिहावे. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. आमच्या शाळेचा मास्तर म्हणला, "आबा, तुमी सांगा, मी शुद्ध करून लिहितो." म्हटलं, कादरले माझी भाषा समजे, शुद्ध केली तर तो विचारेल हा कोन बोलून राह्यला. म्हणून पेन्सिल घेऊन मीच बसलो. चुकेल ते चुकू दे.

सुरुवात कशी करायची तेही समजत नाही. गेलेल्या माणसाले पहिले रामराम करतात की सलाम, की काहीच नाही करत? तू आमराईत आला की मी म्हणे, "आला का शहाणा?" तेच लिहितो. आला का शहाणा?

नाही आला. यंदाची अखजी झाली आणि तू आला नाही.

अंक वाचणारे शहरातले असतील म्हणून सांगतो, तुले तर हे पाठ आहे. अक्षय्यतृतीयेले आमच्याकडे अखजी म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरायची, घागरीवर आंबा ठेवायचा, त्यांले घास टाकायचा आणि मगच आपण आंबा तोंडाले लावायचा. त्याच्या अगोदर नाही. झाडाखाली पाडाचा पिवळाधमक आंबा पडला तरी नाही. माझा आजा असाच वागला, बाप असाच वागला, आणि मी तर त्या दोघांहून हट्टी.

आणि तू पहिल्या साली आला तो चैतात, हातात चाकू घेऊन. अनसिंगपर्यंत मोटारीनं आणि तिथून पायी. मी आमराईत खाटेवर पडलो होतो.

"चाचा, मी वाशीमच्या मणियाराचा कादर. शेतकीच्या कॉलेजनं उन्हाळ्याच्या सुटीत धाडलं. आंबे शिकायले आलो."

"आंबे खातेत बापू, शिकत नाईत."

"मंग खाऊनच शिकतो."

"अखजी झाल्यावर ये."

"आमच्या सायबानं सांगतलं, कैरीपासून पिकेपर्यंत हरेक झाडाचा आंबा कापून पाहायचा, चाखायचा, लिहायचा."

"तुझ्या सायबाचे पितर तिकडे जेवत असतीन. माझे इथंच हायेत. त्यांच्या अगोदर तुले काहून चारू?"

उन्हं कलली तरी वाद सरला नाही. शेवटी तू म्हणला, कापतो आणि हुंगतो, तोंडाले लावत नाही. हुंगण्यावर पितरांचा हक्क आहे की नाही ते मले ठाऊक नव्हतं, बापानं कधी सांगितलं नव्हतं. म्हणून हुंगू दिलं. अखजीपर्यंत तू नाकानंच कॉलेज शिकला.

बाकीची पोरं सरकारी बागेत गेली म्हणे, जिथं माळी आहे, पाटाचं पाणी आहे, निजायले खोली आहे. तू माझ्या आमराईत काहून आला? विचारीन विचारीन म्हणता राहून गेलं.

अखजीले घास टाकून झाला आणि मी तुले शेप्याचा आंबा दिला. आमच्या आमराईत हरेक झाडाले नाव आहे, आणि ते रूपावरून नाहीतर चवीवरून ठेवायचं असते. गोटीसारखा गोल तो गोट्या, खोबऱ्यासारखा लागते तो खोबऱ्या, शेपूच्या भाजीसारखा वास मारते तो शेप्या. माणसाचं नाव झाडाले द्यायचं नाही, हा आज्याचा कायदा. तो म्हणे, माणूस भांडते, वाटण्या करते, त्याचं नाव झाडाले कायले. शेप्या त्याच्याच हातचा, आमराईतला सगळ्यात जुना.

तू तो आंबा कोयीपर्यंत चोखला. मग म्हणला, "चाचा, अगोदर शेपू येते, मंग गूळ येते, आन् शेवटी काय येते ते सांगता येत नाई." माझा बापही ते शेवटचं सांगू शकला नव्हता. मले वाटलं, हा पोरगा जिभेचा खरा आहे. बोललो नाही. तुले डोक्यावर बसवायचं नव्हतं.

त्याच साली तू बांगड्यांचा घोळ घातला. कोणत्या फांदीची कैरी कोणत्या दिवशी पाहायची हे ध्यानात राहावं म्हणून तू फांद्यांले बांगड्या बांधल्या. तुझे अब्बा मणियार, गावोगाव बांगड्या विकणारे; त्यांच्याच पेटाऱ्यातल्या, जोड हरवलेल्या, विकल्या न जाणाऱ्या. शेप्याले हिरवी, गोट्याले निळी, खोबऱ्याले लाल. मले सांगितलं असतं तर मी तेव्हाच म्हटलं असतं की बाबा, आमच्या गावात झाडाले बांगडी म्हणजे काय समजतात. पण तू शहाणा. सकाळी पाणी न्यायले आलेल्या गंगूनं शेप्याच्या फांदीले हिरवी बांगडी पाहिली, हात जोडले, आणि आपल्या हातातली एक काढून शेजारच्या फांदीले बांधली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की शेप्या नवसाले पावते, त्याले कोणीतरी चुडा भरला आहे. दुसऱ्या दिवशी आमराई अशी खणखणून राह्यली होती जसं लग्नघर.

तू फांद्यांखाली फिरून राह्यला होता, तोंड वर करून. "चाचा, याच्यात माझी हिरवी कोनती आन् गावाची हिरवी कोनती?"

"सगळ्या तुझ्या बापाच्याच हायेत. त्यालेच विचार."

तुझे अब्बा पुढच्या बाजाराले आले तेव्हा बायांनी त्यांचा पेटारा रिकामा केला. ते तुले म्हणाले, "बेटा, तेरा कॉलेज अच्छा है. और दो-चार साल पढ." तू इतका चिडला होता की भाकर खायले तयार नाही. माझ्या बुढीनं ताटात ठेचा वाढला आणि म्हणाली, "जेव बापा, नवस तुलेच पावंल."

ते ताट. पहिल्या साली बुढीनं तुझं ताट वेगळं ठेवलं होतं, ओसरीच्या कोनाड्यात. तू स्वतः घासून परत तिथंच ठेवे. आंबे मात्र आपण एकाच टोपल्यातून खात होतो, एकमेकांच्या हातून घेऊन, आणि तिच्याही मनात कधी काही आलं नाही. भाकरीले एक नियम आणि आंब्याले दुसरा, हे मी तेव्हाही नीट समजलो नव्हतो, आताही समजलो नाही. तुले काय वाटे ते तू बोलला नाही. ताट अजून कोनाड्यातच आहे. बुढी ते ना उचलते, ना दुसऱ्या कोणाले देते.

दुसऱ्या उन्हाळ्यात तू आला तो शेप्याच्या खोडाले कान लावूनच बसला. बोटानं ठोकून पाहिलं, खालचा भुसा चिमटीत धरून मले दाखवला. "चाचा, आतून किडीनं पोखरलं. हे झाड लई दिवसाचं सोबती नाई."

"माझ्या आज्यानं लावलं. माझ्यासंगं जाईल."

"तुमी जा ना खुशाल. झाडाले काहून नेता संगं?"

असं तोंडावर बोलणारा तूच. दुसरा कोणी असता तर धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, पलीकडे घातला असता. मले हसू आलं आणि तुले कळलं की काम झालं. मग तू कलमाचं काढलं. कोयीची रोपं मडक्यात वाढवून आणली, शेप्याच्या फांदीजवळ मचाण बांधून त्यावर मडकी ठेवली. रोपाची आणि फांदीची साल तासली, जखमेले जखम लावली, सुतळीनं आवळलं, वरून शेणमाती थापली. मी खाली उभा राहून बोलतच होतो.

"कोयीतून का नाही करत? देवानं कोय कायले देली?"

"कोयीतून मायसारखं झाड निघत नाई चाचा. बापाचा पत्ता कुठं असते? वाऱ्यानं, माश्यांनी कोनाचा फुलोरा आनला कोन जाने. कोयीतून येगळाच आंबा निघते. कलमातून शेप्याच निघंल."

"दुसऱ्याच्या मुळावर उभा राह्यल्यावर शेप्या कसा? जागा बदलली का चव बदलते. पोरगी सासरी गेली का तिचं बोलनं बदलते."

"बोलनं बदलते. पोरगी तं तुमचीच राह्यते ना?"

माझ्या दोन पोरी सासरी आहेत. तरीही मी म्हटलं, नाव झाडाचं असते, लाकडाच्या तुकड्याचं नाही. तू म्हणला, नाव चवीचं असते, तुमच्याच आज्याचा कायदा आहे. तेव्हा ठरलं की कलमाले आंबा लागला की दोघांनी चाखायचा, आणि जो हरेल त्यानं पारावर चारचौघांत सांगायचं. तुले वाटलं म्हातारा काय पारावर हार कबूल करेल. मलेही तेच वाटलं होतं.

सुटी सरली, तू गेला, आणि मडक्यांले पाणी मी घातलं. वाद आपल्या जागी, तहानलेलं रोप आपल्या जागी. एकच कलम जिवंत राहिलं. तू दिवाळीत येऊन ते फांदीपासून कापलं आणि विहिरीच्या अंगाले लावलं.

मग तुझं शिक्षण सरलं, तू मेळघाटाकडच्या सरकारी रोपवाटिकेत नोकरीले लागला. कॉलेज सुटलं तरी तुझी उन्हाळ्याची सुटी माझ्याकडेच. दर अखजीले तू हजर. शेप्या पडला त्या साली वैशाखातल्या वावटळीनंतर तू आला, आडव्या खोडावर बसला आणि काहीच बोलला नाही. मले वाटलं आता म्हणशील, "सांगतलं होतं ना चाचा." नाही म्हणला. ते न बोलणं मले अजून आठवते, तुझ्या सगळ्या बोलण्याहून जास्त. त्याच सालच्या माघात कलमाले पहिला मोहोर दिसला आणि तू तो माझ्याकडून खुडवला, पुढच्या सालीही. म्हणला, झाड अजून लेकरू आहे, त्याच्यावर भार नको. माझा जीव तुटत होता, पण खुडला.

यंदा माघात तू जाता जाता डोकावला. मोहोर पाहिला. म्हणला, "यंदा राहू द्या. अखजीले येतो. पन चाचा, ध्यानात ठेवा, माझ्याबिगर चाखायचा नाई. पयले पितर, मंग मी, मंग तुमी."

"पितरांच्या पंगतीत तुले कोनी बसवलं?" मी म्हटलं. आपण दोघंही हसलो होतो. आता हे वाक्य आठवलं की काय करावं समजत नाही.

फागुनात तुझे अब्बा गावात आले, पेटारा न घेता. रिकाम्या हाताचा मणियार मी जन्मात पाहिला नव्हता. दुरून पाहिलं तेव्हाच काहीतरी समजलं, पण काय समजलं ते समजलं नाही. ते ओसरीवर बसले आणि म्हणाले, "हिवताप था भाऊ. वहींच मिट्टी देना पडा." मी त्यांले विचारलं, "कलमाचं त्याले कोन सांगंल?" असं का विचारलं ते मले ठाऊक नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

तेव्हापासून मी गोंधळात आहे, कादर. मले रोज दोन-तीन गोष्टी तुझ्याशी भांडायच्या असतात. मोहोरावर तुडतुडे आले तेव्हा राख मारू की तुझं ते पिवळं औषध? मी राख मारली. बरोबर केलं की चूक, कोणाले विचारू? माणूस गेला म्हणजे त्याच्यासंगचं भांडण सरते का, की ते जिवंत असलेल्याच्या एकट्याच्या अंगावर पडते?

वाऱ्यानं आणि वांदरांनी नेता नेता कलमाले एक आंबा उरला. त्याले मी फडकं बांधलं. अखजीच्या तोंडावर तो पाडाले आला. घरी पितरांची घागर भरताना नावं घ्यायची असतात. आज्याचं घेतलं, बापाचं घेतलं. मग थांबलो. तुझं घ्यावं का? तू माझ्या गोताचा नाही, तुझ्या धर्मात घागर नाही, आणि तू तर म्हणून ठेवलेलं की पयले पितर, मंग मी. तू कोणत्या रांगेत? पितरांच्या की पितरांच्या मागच्या? बुढी म्हणाली, "घ्या ना लौकर, पानी सांडून राह्यलं." मी मनात घेतलं. ओठ हालले की नाही ते बुढीले विचारलं नाही.

तुझ्या अब्बांले निरोप धाडला होता. ते आले, पेटारा घेऊन. आम्ही तिघं कलमाखाली बसलो, म्हणजे कलमाजवळ, खाली बसण्याइतकी सावली त्याले अजून नाही. मी आंबा त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"मणियारभाई, कादरच्या नावानं काय करायचं ते तुमी करा. आमचं मले येते, तुमचं येत नाई."

"हमारे में घागर नहीं भरते भाऊ. फातेहा पढते, फिर बांट देते."

"कोनाले वाटायचा?"

"जो हाजिर है उसको."

त्यांनी फातेहा वाचला. बुढीनं पदर डोक्यावरून घेतला, मी टोपी काढावी की ठेवावी यात अर्धा वेळ गेला. मग तुझ्याच चाकूनं त्यांनी आंब्याचे गाल कापले, एक बुढीले, एक मले, आणि कोय स्वतः घेतली. कोय चोखता चोखता म्हणाले, "ये बचपन में मेरे साथ फिरता था. भाभी ने तुम्हारी ओसरी पर इसको एक आम दिया था. वाशीम तक रोता आया, वापस चलो, वो आम खाना है."

मी बुढीकडे पाहिलं. तिले आठवत नव्हतं. मलेही नाही. दारावर आलेल्या कोणत्यातरी लेकराले तिनं आंबा दिला असेल, ती सगळ्यांलेच देते. आणि तेवढ्यावर तू कॉलेजातून, सरकारी बाग सोडून, इथं आला. मी जे विचारायचं राहून गेलं म्हणून बसलो होतो त्याचं उत्तर माझ्याच ओसरीवर होतं, आणि तू ते सांगितलं नाही. काहून नाही सांगितलं? लाजला? की मले विचारायची वाट पाहिली?

"तो भाऊ," तुझ्या अब्बांनी विचारलं, "कौन जीता?" तू त्यांले पैजेचं सांगितलं होतं.

मी घास तोंडात घोळवला. शेपू आला. गूळ आला. मग ते शेवटचं, जे सांगता येत नाही, ते आलं की नाही? एकदा वाटलं आलं. एकदा वाटलं मीच आणून राह्यलो. शेप्या पडून तीन उन्हाळे झाले. ताडून पाहायले दुसरा आंबा नाही. माझी जीभ तंबाखूनं आणि वयानं मेलेली. बुढी म्हणाली, "गोड हाये," तिले सगळे आंबे गोडच लागतात. तो शेवटचा स्वाद ओळखणाऱ्या जिभा दोन होत्या. त्यातली खरी जीभ मेळघाटच्या मातीत आहे.

"मले समजून नाही राह्यलं," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा म्हटलं असेल.

आता माझी अडचण ऐक. याले शेप्या म्हटलं तर तू जिकला, पण मग आमराईत तुझं म्हणून काहीच राहिलं नाही, शेप्या तर आज्याचा. गावातल्या पोरांनी त्याले कधीच कादऱ्या म्हणायले सुरुवात केली आहे. मी कादऱ्या म्हटलं तर तुझं नाव राहते, पण मग हा शेप्या नाही, वेगळाच आंबा आहे, आणि तू पैज हरला. वरून आज्याचा कायदा मोडला तो वेगळाच. तुले काय पाहिजे होतं, नाव की पैज? तुले ओळखतो म्हणून विचारतो. मले वाटते पैज. पण माणूस गेल्यावर त्याले काय पाहिजे असते ते मले कसं ठाऊक?

त्याच दिवशी आम्ही पारावर आलो. तुझ्या अब्बांनी फागुनानंतर पहिल्यांदा पेटारा उघडला. बाया जमल्या. गंगू हात पुढे करून बसली, तीच, जिनं पहिली बांगडी बांधली होती. आता तिच्या कडेवर नातू आहे. पारावर चार म्हातारे होते, मास्तर होता.

"आबा," गंगू म्हणाली, "विहिरीकडच्या कलमाले आंबा लागला म्हनतेत. कोनता आंबा हाये थो? पोट्टे कादऱ्या म्हनतेत."

तुझे अब्बा तिचा पंजा दाबून बांगडी चढवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"शेप्या," मी म्हटलं.

"शेप्या तं पडला ना आबा."

"थो पडला. हा शेप्या हाये."

तुझ्या अब्बांचा हात थांबला. मग बांगडी तिच्या मनगटावर सरकली. फुटली नाही.

आता नीट ऐक, शहाण्या. चव तीच आहे असं मी म्हटलेलं नाही. मी फक्त नाव सांगितलं. पुढच्या अखजीले जास्त आंबे लागतील, मी पुन्हा चाखीन, आणि फरक वाटला तर तुझ्यासंगं पुन्हा भांडीन.

ती कोय तुझ्या अब्बांनी पेटाऱ्यातल्या गवतात गुंडाळून नेली. म्हणाले, वाशीमले अंगणात लावतो. कोयीतून मायसारखं झाड निघत नाही, वेगळाच आंबा निघते, हे तू मले शिकवलं. त्यांले मी ते सांगितलं नाही. उगवेल, मोठं होईल, लागेल, तोवर ते तरी राहतील का, मी तरी राहीन का. पण कधी लागला, आणि त्याची चव आमच्या कोणत्याच झाडासारखी निघाली नाही, तर त्याले नवं नाव लागेल. माणसाचं नाव झाडाले नाही, हा आज्याचा कायदा माझ्या धुऱ्याच्या आत चालते. मणियाराच्या अंगणात चालत नाही.